टीममध्ये वहिनींची जागा कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, गाव घाटंजीच्या बाजूला, गालाचा कॅन्सर. नागपूरला ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, आता पुन्हा गाठ फुटली आणि डॉक्टरांनी "घरी न्या" म्हटलं. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी टीम पंधरा दिवसांतून एकदा घरी येते. मोठा भाऊ आणि वहिनी सांभाळतात, तुम्ही पुण्यात. परवा टीमची सिस्टर वहिनींना म्हणाली, "आमच्या टीमच्या मुख्य मेंबर तुम्हीच." तुम्हाला शंका आली की ही जबाबदारी झटकण्याची गोड भाषा तर नाही?

असूही शकते. मी नर्स आहे. वर्धा-यवतमाळ भागात घरोघरी जाऊन हे काम करत मला सतरा वर्षं झाली. हे वाक्य मीसुद्धा शेकडो वेळा बोलले आहे, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं तरी ते बोलून मी फक्त मोकळी होत होते. खरं काय ते ओळखायची माझी एक पद्धत आहे. टीमची गाडी गेल्यावर वहिनींच्या हातात काय उरतं ते बघा. पुढच्या भेटीपर्यंत पुरेल एवढं औषध आहे का? रात्री उचलला जाणारा फोन नंबर आहे का? काय झालं तर काय करायचं हे त्यांच्या हातून एकदा करून घेतलं आहे का? आणि घरात निर्णय होतो तेव्हा त्यांना कुणी विचारतं का? या चारही गोष्टी असतील तर त्या मेंबर. नसतील तर बिनपगारी मजूर, आणि तुमची शंका बरोबर.

साधा हिशोब मांडा. पंधरा दिवसांचे ३६० तास. टीम येते तासभर. उरलेल्या ३५९ तासांत दुखणं उठतं, जेवणाची नळी निघते, जखमेवर माशा बसतात, बाबा रात्री दोनला उठून बसतात. तेव्हा "टीम" म्हणजे वहिनीच असतात, दुसरं कुणी नसतं. म्हणून ते वाक्य मुळात खोटं नाही.

ज्या बाईंनी आधुनिक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण, सुरू केलं, त्या सिसिली सॉन्डर्स, आधी नर्स होत्या, मग दवाखान्यात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. लंडनला १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. तीनही कामं केलेल्या या बाईंनीही दोनच वर्षांत घरी जाणारी टीम काढली, कारण माणसाचं दुखणं फक्त गाठीत नसतं. ते कर्जात असतं, पोरीच्या लग्नात असतं, "मी कुणाचं काय वाईट केलं" यात असतं. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईला शांती अवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पण घाटंजीच्या माणसाला मुंबईच्या हॉस्पिसचा काय उपयोग? केरळात पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघरी जाते, गावातले स्वयंसेवक सोबत असतात, २००८ पासून राज्याचं तसं धोरणच आहे. आपल्या भागात तेवढी वीण नाही. त्यामुळे आपल्याकडे घरच्या माणसावर पडणारा भार केरळपेक्षा जास्त आहे.

आता कोण काय करतं ते सांगते. डॉक्टर औषध आणि मात्रा ठरवतात. सिस्टर जखम, नळी, पाठ बघते आणि घरच्यांना शिकवते. समाजसेवक कागदपत्रांच्या मागे असतो. जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल, पण घरी लागणारा कापूस, डायपर, येण्याजाण्याचं भाडं खिशातूनच जातं. संजय गांधी निराधार योजनेत कर्करोगी बसतात, ६५ वर्षांच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ आहे. तुमचे बाबा ६८ चे, म्हणून श्रावणबाळची चौकशी करा. त्यासाठी तहसीलच्या चकरा तुमच्या भावाने मारायच्या की समाजसेवकाने, हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघतात. गावातली आशाताई आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी हे सगळ्यात जवळचे. त्यांना बाबांची फाईल एकदा दाखवून ठेवा. बी.पी. बघायला, टीमला फोन लावायला, निरोप पोचवायला त्यांच्यासारखं कुणी नाही.

वहिनींचं पहिलं काम म्हणजे डोळे. तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाला बऱ्याचदा बोलता येत नाही, आणि बोलता आलं तरी आपले बुढे लोक दुखतं म्हणून सांगत नाहीत. शून्य ते दहा आकड्यांत दुखणं मोजायला आम्हाला शिकवलं होतं. गावात ते चालत नाही. मी विचारते, "रुपयातलं किती आणे दुखते जी?" बुढा बोटांनी बारा दाखवतो. गोळीनंतर तासाभराने पुन्हा विचारायचं. सहावर आलं तर औषध लागू पडतंय. जो बोटंही दाखवत नाही, त्याच्या कपाळाच्या आठ्या बघायच्या, बाजेची दोरी घट्ट धरली आहे का ते बघायचं. हे तासाभराच्या भेटीत मला कधीच दिसणार नाही. मी गेले की बुढा पाहुणी आली म्हणून सावरून बसतो.

हे लिहून ठेवायचं काम घरातल्या शाळकरी पोराला द्या. वही, तारीख, वेळ, किती आणे, कोणती गोळी. एका घरी आठवीतल्या नातीने अशी वही ठेवली होती, समास आखून. त्या वहीवरून डॉक्टरांनी पाच मिनिटांत मात्रा बदलली.

मॉर्फिन, म्हणजे जोराच्या दुखण्यावरचं औषध, त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण घराघरांत गाडी इथेच अडते. साधी मॉर्फिनची गोळी चार तास टिकते, म्हणून ती घड्याळावर द्यायची असते. दुखायची वाट बघायची नाही. बऱ्याच जणांना सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला थोडी जास्त, अशी बसवून देतात. तुमच्या बाबांचं जे डॉक्टरांनी लिहिलं तेच खरं. "नशा लागेल" म्हणून तुमचा भाऊ एखादी गोळी गाळत असेल, तर त्याला सांगा की दुखण्यासाठी नेमून दिलेल्या मात्रेत घेतलेली गोळी माणसाला सहसा नशेबाज बनवत नाही. मात्र एकदम बंद केली तर त्रास होतो. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पोट साफ करायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. तीन दिवस शौचाला झालं नाही तर टीमला फोन. नळीतून द्यायची असेल तर साधी गोळी कुटून चालते. जास्त वेळ टिकणारी गोळी कुटायची नाही, सगळी मात्रा एकदम अंगात जाते. बाबा जास्तच पेंगायला लागले, हाका मारून उठेनात, श्वास अगदी मंदावला, लघवी कमी झाली, तर पुढची गोळी थांबवून आधी फोन.

ही गोळी घाटंजीच्या मेडिकलमध्ये मिळेल अशी आशा धरू नका. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी ती मिळते तिथूनच. म्हणजे गोळ्या आणणं हे घरातल्या एका माणसाचं नेमून दिलेलं काम असलं पाहिजे, आणि पाकिटात चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की त्याने निघायचं. सणासुदीच्या सुट्ट्या बघून ठेवा. दिवाळीच्या आठवड्यात गोळ्या संपल्या म्हणून माझ्या ओळखीच्या एका घरातला बुढा तीन रात्री कण्हत होता. चूक आमच्या टीमची होती, सुट्टीचं आम्हीच सांगितलं नव्हतं. गोळ्या पेटीत, कुलपात. किल्ली वहिनींकडे.

जखमेचं आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे उन्हाळा आणि माशा. मच्छरदाणी रात्रीसाठी नाही, दिवसासाठी बांधा. पट्टी ओढून काढायची नाही. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात छोटा चमचाभर मीठ टाकायचं, त्या पाण्याने पट्टी भिजू द्यायची, आपोआप सुटते. वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकायला सिस्टर शिकवते, ती शिकून घ्या. वासाने माणसं दूर बसायला लागतात आणि माणसाला ते कळतं. दुखण्यापेक्षा ते जास्त लागतं. अळ्या पडल्या तर लाजू नका, फोन करा. फिनाईल, रॉकेल, डांबरगोळीची पूड हे काही टाकू नका. मी या तिन्ही गोष्टी जखमेत पाहिल्या आहेत, प्रेमानेच टाकलेल्या.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना माझीही जीभ अडखळते. गालामानेच्या जखमेतून कधीकधी एकदम रक्त येतं. घरात गडद रंगाचे दोन जुने टॉवेल बाजेखाली ठेवून द्या. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही खूप दिसतं आणि माणूस घाबरून पळतो. टॉवेलने दाबून धरायचं, बाबांजवळ बसायचं, दुसऱ्याने फोन लावायचा. हे टीमने वहिनींना सांगितलं नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्ही विचारा. आधी सांगितलं तर त्या घाबरतील असं वाटतं. न सांगता घडलं, तर तो प्रसंग जन्मभर डोळ्यासमोरून हलत नाही.

नळीने जेवण देताना पाठीला उशा लावून बसवायचं, नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं. एका वेळी पेलाभर, सावकाश, शेवटी पाण्याने नळी धुवायची. महागडे पावडरचे डबे लागतातच असं नाही. तुरीच्या वरणाचं गाळलेलं पाणी, ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, दूध, ताक चालतं. नळी बाहेर आली तर घरी आत ढकलायची नाही.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. वहिनी सून आहेत. डोक्यावरचा पदर न पडू देणारी बाई सासऱ्याचं डायपर कसं बदलणार? आम्ही टीमवाले "आंघोळ घाला, पाठ पुसा, दर दोन तासांनी कूस बदला" असं सुनेकडे बघून सांगतो आणि निघून येतो. बाईला लाज, सासऱ्याला दुप्पट लाज. एका घरी बुढा दिवसभर लघवी धरून ठेवायचा, मुलगा शेतातून येईपर्यंत. आम्हाला वाटलं लघवीचा आजार. कारण कळायला दोन भेटी गेल्या, आणि तेही सून माझ्या मागे चुलीजवळ येऊन म्हणाली तेव्हा, "बाबाले माह्याकून करून घेणं बरं नाही वाटत जी. मले बी नाही वाटत."

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बाबांचं अंगाचं काम मुलाने करायचं. तुमच्या भावाने. सकाळी शेतात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. दुपारसाठी पुतण्या, शेजारचा कुणी, तेही नसेल तर लघवीसाठी बाहेरून लावायची पिशवी मिळते, सिस्टरला विचारा. कूस बदलायला दोन माणसं लागतात, एकट्या बाईची कंबर जाते. आणि जर सून सगळं करायला तयार असेल, सासराही तयार असेल, तर तोही त्यांचा निर्णय. पण त्यांना विचारून. तुमच्या घरी विचारलं आहे का?

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे "बाबाले सांगू नका." प्रत्येक घरात हे असतं. आम्हाला अंगणात गाठून सांगतात. बाबांना बहुतेक वेळा माहीत असतं. एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "सिस्टर, औंदाची तूर माह्या हातानं निघते का?" मी म्हटलं, "तुम्हाले काय वाटते?" तो बराच वेळ आढ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही निघत." दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही मुलांना बसवून सातबाऱ्याचं बोलून टाकलं. असे प्रश्न मला भेटीत एखाद्या वेळी येतात. वहिनींना रात्री दोन वाजता येतात. त्यांनी डॉक्टरसारखं उत्तर द्यायचं नाही, पण "काही नाही, बरे होता तुमी" असंही म्हणायचं नाही. "तुमच्या मनात काय चाललं?" एवढं विचारलं तरी खूप झालं. मात्र घरच्यांनी आधी वहिनींना तेवढी मोकळीक दिली पाहिजे. नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल, हिने सांगितलं म्हणून बाबा खचले.

आता तुमच्याबद्दल. रागावू नका. पुण्या-मुंबईचा मुलगा हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड मेंबर असतो. तो दोन महिन्यांनी येतो, वडिलांची अवस्था बघून हादरतो, आणि म्हणतो, "सलाईन का नाही लावलं? गाडी करा, नागपूरला न्या." त्यात प्रेम असतं आणि आपण इथे नव्हतो याची बोचही. गावात सलाईन म्हणजे "काहीतरी केलं" याची पावती. पण शेवटच्या दिवसांत शरीर पाणी पेलत नाही. ते पायावर सुजेत उतरतं, छातीत घरघर वाढवतं. भूक मरते ती आजाराने. उपाशी ठेवल्यामुळे माणूस जात नाही. ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसत राहणं हे तेव्हाचं खरं काम. ते वहिनी करतील, आणि तेव्हा तुम्ही फोनवरून "जेवण का दिलं नाही" विचारू नका. पुन्हा आयसीयूत न्यायचं की नाही हे सगळ्या भावंडांनी बाबांना विचारून आत्ताच ठरवा. लेखी ठेवायचं असेल तर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण आपल्याकडे कागदापेक्षा भावांचं एकमत जास्त उपयोगी पडतं. ठरवायला बसाल तेव्हा वहिनींना दाराआड उभं ठेवू नका, खुर्ची द्या. ३५९ तास त्यांनाच ते निभवायचं आहे.

तुम्ही करू शकाल अशी कामं आहेत. पैसे ठरलेल्या तारखेला, न मागता. गोळ्यांच्या तारखा तुमच्या मोबाईलवर. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, प्रत्येक आतेभावाला वहिनींनी तेच तेच सांगत बसायचं नाही. आणि महिन्यातून चार दिवस येऊन त्यांच्या जागी राहा, पाहुण्यासारखे नको.

वहिनींना विश्रांती हवी म्हणून त्यांना माहेरी पाठवा असं पुस्तकात असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत ते होत नाही. पण एका सुनेचं सांगते. ती दुपारी दोन तास वेचणीला जायची आणि शेजारणी बोलायच्या, "सासरा मरणाच्या दारात अन् हे वावरात." मला विचारलंत तर तेच तिचं विश्रांतीचं ठिकाण होतं. उघडं आभाळ, चार बायका, कण्हणं नाही. आम्ही टीममधून सासूबाईंना सांगितलं की हे औषधासारखं लिहून दिलं आहे. मग बोलणं थांबलं. वहिनींची झोप, जेवण, पाठदुखी हे टीमने दर भेटीला विचारलं पाहिजे. तुमची टीम विचारत नसेल तर त्यांना टोका.

खर्ऱ्याचंही, म्हणजे तंबाखू-सुपारीचंही विचारलंत. बाबा मागतात, भाऊ चिडतो. एवढ्या जखमेत चघळणं होणार नाही, पण नुसता वास घेतो म्हणणारे पाहिले आहेत. या टप्प्यावर मी त्यावरून घरात भांडण होऊ देत नाही. फक्त नातवाला पानठेल्यावर पाठवू नका, एवढंच ठामपणे सांगते.

शेवटचे दोन-तीन दिवस ओळखायला शिका. हातपाय गार, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू, घशात घरघर, डोळे अर्धवट. कुशीवर वळवलं की घरघर कमी होते. गिळता येत नसेल तरी दुखण्याचं औषध बंद करायचं नसतं, कसं द्यायचं ते फोनवर विचारा. त्या वेळी घाबरून १०८ लावली तर रस्त्यातच प्राण जातो, असं मी बरेचदा पाहिलं आहे. त्यापेक्षा कुणाला आधी फोन करायचा ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, आजाराची फाईल सोबत न्या.

तेरवीनंतर आम्ही एकदा घरी जातो. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घेतो. त्या घरात ठेवायच्या नसतात, दुसऱ्या कुणाला द्यायच्याही नसतात. चहा होतो, भाऊ हिशोबाचं बोलतात. सून बहुतेक वेळा शेवटी बोलते आणि बहुतेक वेळा तेच विचारते, "त्या रात्री मी गोळी उशिरा देल्ली होती. त्याच्यानं तं नाही ना झालं जी?" मी वही उघडून तिच्यासोबत ती रात्र वाचते. वेळ, आणे, गोळी. तुमच्या टीमनेही तेरवीनंतर यावं, हे त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या.